टर्मिनल बंद करताना केवळ ‘&’ पुरेसे नाही: खुलासा

इंदूरच्या मराठी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत असा संदेश फिरत आहे की, लिनक्समध्ये कमांडच्या शेवटी ‘&’ लावल्यास टर्मिनल (कमांड टाइप करण्याची खिडकी) बंद केले तरी प्रोग्रॅम चालूच राहतो. हे खरे नाही. ‘&’ मुळे शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) तो प्रोग्रॅम संपण्याची वाट न पाहता पुढची कमांड घेतो, इतकेच. खिडकी बंद झाली की शेलला हँगअप सिग्नल (टर्मिनल बंद झाल्याची सूचना, जिने प्रोग्रॅम सहसा थांबतो) मिळतो आणि बॅश हा लिनक्सवरील प्रचलित शेल तो आपल्या सर्व जॉबना, म्हणजे त्याने सुरू केलेल्या कामांना, पाठवतो, असे त्याच्या मॅन्युअलमध्येच नमूद आहे. मात्र ‘एक्झिट’ टाइप करून बाहेर पडल्यास बॅश मूळ सेटिंगनुसार तो पाठवत नाही. गैरसमज बहुधा इथूनच पसरला असावा. ‘स्लीप ६०० &’ देऊन खिडकी बंद करावी आणि दुसऱ्या खिडकीत ‘पीएस -ई’ने (ps -e, सर्व चालू प्रोग्रॅमची यादी) ‘स्लीप’ शोधावे; ते सापडणार नाही, म्हणजे खात्री पटेल.

काम टिकवायचे असल्यास कमांडच्या आधी ‘नोहप’ (nohup) लिहावे, म्हणजे प्रोग्रॅम हँगअप सिग्नलकडे दुर्लक्ष करतो. एरवी पडद्यावर येणारे आउटपुट मग ‘नोहप.आउट’ फाइलमध्ये जमा होते. आधीच मागे चालू असलेल्या कामासाठी ‘डिसओन’ (disown, काम शेलच्या जॉब-यादीतून काढणारी कमांड) आहे, आणि कामाकडे परत यायचे असेल तर ‘टीमक्स’ (tmux, खिडकी बंद झाली तरी सत्र चालू ठेवणारा प्रोग्रॅम) अधिक सोयीचे, असे माझे मत आहे. मूळ संदेश कृपया पुढे पाठवू नये.