डबे वाढवल्यानं स्पीड वाढत नाही

पावसाचा जोर वाढून कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी मोबाईलवर यायला लागली, की आमच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो : "प्रत्येक गच्चीवर वायफाय रिपीटर लावा. जेवढे डबे जास्त, तेवढा स्पीड जास्त. डेटा आपोआप सगळ्यांत जवळच्या रस्त्यानं जातो. टॉवर बंद पडले तरी नेट चालूच." चिखली-आंबेवाडीनं २०१९ आणि २०२१ चे महापूर सोसलेत. तिथलं कुणी या भरवशावर घरात थांबू नये, म्हणून हे लिहितोय.

जास्त डबे, जास्त स्पीड, हे साफ चूक. साधा रिपीटर, म्हणजे वायफायचा सिग्नल ऐकून पुढे पाठवणारा डबा, एकाच चॅनलवर (लहरींच्या एकाच पट्ट्यावर) ऐकतो आणि बोलतो, पण दोन्ही एकदम करू शकत नाही. शेजारचा बोलत असेल तर त्यानं गप्पच बसायचं. तीन टप्पे (एका डब्यापासून पुढच्या डब्यापर्यंत एक टप्पा) एकमेकांच्या ऐकण्यात असले की एका वेळी एकच चालतो, म्हणजे वेग तिसऱ्या हिश्शावर. डब्यांच्या लांब रांगेत दूरचे दोन टप्पे एकदम चालू शकतात, तरी आदर्श स्थितीतही चौथाच हिस्सा मिळतो. वायफायच्या नेहमीच्या नियमांनी तो सातव्या हिश्शाच्या आसपास उतरतो, हे अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं. कारण आपल्या शेतकऱ्याला लगेच कळेल. पाण्याला पाळी असते, वायफायला नसते. रांगेतल्या पहिल्या डब्याभोवती गर्दी कमी, म्हणून तो पाटाच्या तोंडाशी बसलेल्यासारखा सोडतच राहतो. पुढच्यांना तेवढं पुढे ढकलता येत नाही आणि पॅकेटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, मधेच टाकली जातात.

शुक्रवार पेठेत आम्ही तीन गच्च्यांवर हे करून पाहिलं. मधला डबा पाण्याच्या टाकीला बांधला होता, त्याला दोन्हीकडचं ऐकू यायचं. टोकाच्या दोघांमध्ये मात्र चार मजली इमारत, त्यामुळे त्यांना एकमेकांचा पत्ताच नाही. दोघं एकदम बोलायचे आणि मधल्यापाशी दोघांचंही वाया जायचं. एकच फोन असला की फोटो झटकन जायचा. दुसऱ्या टोकानं व्हिडिओ लावला की तोच फोटो नुसता गोल फिरत राहायचा.

आता "जवळचा रस्ता". टप्पे कमी म्हणजे रस्ता चांगला, असं नाही. लांबच्या एका उडीत चारांपैकी एकच प्रयत्न पोचपावतीसह यशस्वी होत असेल, तर एका पॅकेटसाठी सरासरी चारदा पाठवावं लागतं. मधे एक भक्कम डबा घेतला तर दोनदाच. ऑगस्टात पावसानं निथळणाऱ्या उसातून जाणारा सिग्नल तर बराचसा तिथंच शोषला जातो.

"आपोआप" या शब्दावर माझा सगळ्यांत जास्त राग आहे. रस्ता ठरवणं हे अर्धंच काम. त्या रस्त्यावर कुणी कधी बोलायचं, हे उरलेलं अर्धं. टॅसियुलस आणि एफ्रेमिडिस या संशोधकांनी १९९२ मध्ये दोन्हींचं मिळून उत्तर दिलं : ज्या डब्यात थांबलेल्या पॅकेटांची रांग तुंबलीय तिथून, जिथं कमी आहे तिकडं सोडा, आणि एकमेकांना अडवणार नाहीत अशाच डब्यांच्या जोड्या एका वेळी चालू करा. बंधाऱ्याचे बरगे काढले की पाणी उताराला लागतं, तसंच हे. नेटवर्कला जेवढा भार पेलणं शक्य आहे, तेवढा या पद्धतीनं पेलला जातो, हे त्यांनी सिद्ध केलं. पण त्यासाठी सगळ्या रांगांची खबर क्षणोक्षणी लागते, आणि जोड्या निवडण्याचं गणित डबे वाढतील तसं अवघड होत जातं. दुकानातल्या रिपीटरमध्ये यातलं काहीच नसतं.

टॉवरचं थोडक्यात सांगतो. गावातल्या गावात निरोप जातील, हे खरं. बाहेर जायला मात्र कुठंतरी चालू लाईन लागते, आणि डब्यांना वीज.

म्हणून डबे मोजकेच घ्या, पण दोन रेडिओंचे, म्हणजे सिग्नल पाठवणारे-घेणारे दोन वेगळे भाग असलेले : एक घरांसाठी, दुसरा डब्या-डब्यांमधल्या वाहतुकीसाठी, वेगळ्या चॅनलवर. बाहेरची लाईन पूररेषेच्या वरच्या इमारतीत ठेवा. व्हिडिओ बंद, मजकूर आधी. आणि पाऊस यायच्या आत एकदा दोन्ही टोकांच्या फोनवरून एकाच वेळी फोटो पाठवून बघा.