पांझरेकाठच्या गावांना कारभार कुणी शिकवायची गरज नव्हती

गेले काही दिवस धुळे-जळगावकडच्या बहुतेक गावांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ग्रामपंचायत 1993 च्या घटनादुरुस्तीने आली, त्याआधी खानदेशातल्या खेड्यात पाटील म्हणेल तोच कायदा होता, ग्रामसभा म्हणजे नुसत्या सह्या, पंचायतीकडे स्वतःचा पैसा नाही, तेव्हा निवडणुका बंद करा आणि गावोगाव प्रशासक बसवा. माझ्याच भाऊबंदांपैकी चौघांनी तो मला पाठवला, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी तारखा. मुंबई इलाख्यात ग्रामपंचायतीचा कायदा 1920 साली झाला, 1933 साली दुसरा आला आणि आजही आपण ज्याच्यावर चालतो तो 1958 चा. ग्रामसभा त्या 1958 च्या कायद्यातच आहे. जिल्हा परिषदा 1 मे 1962 पासून सुरू झाल्या, वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून. म्हणजे 1993 उजाडलं तेव्हा आपल्याकडे सरपंचांच्या दोन पिढ्या होऊन गेल्या होत्या.

आता 'पाटील म्हणेल तोच कायदा'. पाटील-कुलकर्ण्यांची वतनं होती, त्यांचा जाच होता, हे कुणी नाकारू नये. कुलकर्णी वतनं 1950 च्या कायद्याने गेली, मुलकी पाटलाचं पद 1962 च्या कायद्याने संपलं. पण गावाचा सगळा कारभार त्यांच्याच हातात होता, हे साक्री तालुक्यातल्या माणसाने तरी म्हणू नये. आपल्याकडे फड होते, म्हणजे नदीचं पाणी वाटून घ्यायची गावकऱ्यांचीच व्यवस्था.

ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. पांझरेवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन किंवा चार मोठे तुकडे, तेच फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक: या वर्षी इथे ऊस, तिथे गहू-हरभरा, पुढच्या वर्षी फेरपालट. बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असायची, त्यामुळे ऊस एकट्याच्या वाट्याला यायचा नाही आणि कोरडा फडही एकट्याच्या नशिबी यायचा नाही. नदीला पाणी कमी दिसलं की कोणता फड पडीत ठेवायचा ते बागायतदारांची पंचमंडळी एकत्र बसून ठरवायची. पाणी सोडायला पाटकरी आणि पिकाची राखण करायला जागल्या असायचा. त्यांचा मोबदला धान्यात. हंगामाआधी पाटातला गाळ काढायला घरटी एक माणूस जायचा, आणि जो गेला नाही त्याला दंड.

माझे आजोबा पाट साफ करायच्या दिवशी पहाटे घराबाहेर पडायचे. आपल्या शेताचं तोंड पाटाच्या अगदी शेवटाला, तरी ते खोरं घेऊन बंधाऱ्यापासून सुरुवात करायचे. 'पानी समदासनं शे,' पाणी सगळ्यांचं आहे, एवढंच म्हणायचे. ही पद्धत तीन-चारशे वर्षं चालली, आणि तिची घडी बसवायला वरून कुणी अधिकारी आला नव्हता. वर लाटीपाड्याचं धरण झालं, विहिरी वाढल्या, तसे फड मोडत गेले. लोकांना कारभार जमेना म्हणून ते मोडले नाहीत.

फडाचं एक वैगुण्यही सांगायलाच हवं. तिथे जमीन असलेल्यालाच आवाज होता. भूमिहीन मजुराला आणि बायकांना त्या बैठकीत जागा नव्हती. 1993 च्या दुरुस्तीचं खरं मोल इथे आहे: दर पाच वर्षांनी निवडणूक, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग, अनुसूचित जाती-जमातींना आणि स्त्रियांना राखीव जागा. महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. आणि फिरणारा मजकूर जे प्रशासक मागतोय, त्याने नेमकं हेच जातं. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत 2022 मध्ये संपून तिथे प्रशासक आला. ज्याला मत मागायला आपल्या दारात यायचं नाही, त्याला पाण्याच्या टाकीबद्दल जाब कसा विचारणार?

ग्रामसभेच्या सह्यांबद्दल मात्र मला राग येतो, कारण ते अर्धं खरं आहे. रजिस्टर घरोघर फिरताना मी स्वतः पाहिलंय, माझ्या आईची सही ओसरीवर घेऊन गेले होते. पण हा दोष कायद्याचा नाही. वर्षाला किमान चार सभा, सात दिवस आधी नोटीस, गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यातली कमी असेल ती संख्या, आणि आधी महिलांची वेगळी सभा, हे सगळं लिहिलेलं आहे. आपण जात नाही, सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. तिथेच सगळे ठराव उरकले जातात. अक्कलकुवा, धडगावसारख्या पेसा भागात, म्हणजे आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा लागू आहे तिथे तर गौण वनोपज आणि गौण खनिजांबाबत ग्रामसभेचा शब्द कायद्याने मोलाचा आहे. महाराष्ट्राचे त्याचे नियम 2014 चे.

पैशाचं थोडक्यात. घरपट्टी, दिवाबत्ती, पाणीपट्टी हे पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न. कुणाच्या घराला किती आकारणी झाली ते नमुना 8 मध्ये सापडतं. 2026 पर्यंतच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 80 टक्के हिस्सा आपल्या राज्यात ग्रामपंचायतीसाठी ठरलेला, आणि त्यातला मोठा भाग पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला. पेसा गावांना आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधी, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला पैसा, वेगळा.

आमच्या गावात सभेची नोटीस शाळेच्या भिंतीवर लागते, नळाच्या बाजूला. ज्या चौघांनी मला हा मजकूर पाठवला त्यांना मी कळवलंय: पुढची नोटीस लागली की तिचा फोटो ग्रुपवर टाकतो, आणि सभेच्या दिवशी आईला घेऊन सकाळी तिथे असेन.