मेडिकच्या पाकिटातली तीन औषधं

पावसाळी ट्रेक सुरू झाले की हा मेसेज ग्रुपवर येतोच: ‘अमेरिकन सैनिक जखमी झाला की तीन औषधांचं पाकीट घेतो आणि वाचतो. त्याच गोळ्या सॅकमध्ये ठेवा, जोडीला रक्त थांबवणारी ट्रेनेक्झामिक. दुखणं मारणारं मॉर्फिन मिळालं तर सोन्याहून पिवळं. सैनिकाला चालतं ते आपल्याला का नाही?’

पाकीट खरं आहे. त्यात पॅरासिटामॉल आणि १५ मिलिग्रॅम मेलॉक्सिकॅम ही वेदनाशामकं आणि ४०० मिलिग्रॅम मॉक्सिफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक असतं. पण त्यानं सैनिक ‘वाचतो’ हे कुठून आलं? २००१ ते २०११ मधल्या अमेरिकी सैनिकांच्या मृत्यूंचा अभ्यास झाला. रुग्णालय गाठण्याआधीच्या ज्या मृत्यूंत जीव वाचण्याची शक्यता होती, त्यांतले सुमारे ९० टक्के रक्तस्रावाने झाले होते. रक्तस्राव थांबतो तो जखम दाबून धरल्यानं, टूर्निकेट म्हणजे हातापायाला बांधायचा पट्टा आवळल्यानं. मेडिकच्या, म्हणजे सैन्यातल्या प्रथमोपचार करणाऱ्याच्या, क्रमात आधी रक्त, मग श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, मग गारठा. गोळ्यांची पाळी त्यानंतर. आणि ते पाकीट असतं शुद्धीवर असलेल्या, गिळू शकणाऱ्या, अजून लढू शकणाऱ्या जवानासाठी. मेसेजमधला मरणाच्या दारातला सैनिक त्याचा गिऱ्हाईकच नव्हे.

आता ‘आपल्याला का नाही’. मेलॉक्सिकॅम निवडलंय कारण ते ॲस्पिरिनसारखं रक्ताच्या गुठळ्या होण्याच्या आड येत नाही. पण मूत्रपिंडाला ते तितकंच जड. आमच्या ग्रुपात पन्नाशीचे तिघे रक्तदाबाच्या गोळ्या घेतात. उन्हात चढून घामानं कोरडा पडलेला असा माणूस वर ही गोळी घेतो तेव्हा मूत्रपिंडावर सगळीकडून ताण येतो. पॅरासिटामॉलची गंमत वेगळीच. गुडघ्यासाठी सकाळी घेतलेल्या दोन औषधं एकत्र असलेल्या गोळीत ते अनेकदा आधीच असतं, हे निम्म्यांना ठाऊक नसतं. दिवसाची कमाल मर्यादा प्रौढाला ४ ग्रॅम, ती नकळत जवळ येते.

मॉक्सिफ्लॉक्सासिनबद्दल मला खरा राग आहे. ते उघड्या युद्धजखमेत पुढे होणाऱ्या संसर्गासाठी आहे, खरचटलेल्या कोपरासाठी नाही. स्नायुबंध तुटणं, हृदयाचे ठोके बिघडणं हे त्याचे नोंदलेले धोके. शिवाय आपल्याकडे ते औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगावर वापरतात. कुणाच्या खोकल्यामागे क्षय दडलेला असेल, तर या गोळ्यांनी तो काही दिवस दबतो आणि निदान लांबतं.

ट्रेनेक्झामिक अनेक घरांत असतं, पाळीत जास्त रक्त जातं म्हणून डॉक्टरांनी दिलेलं. त्यामुळे ते ओळखीचं वाटतं. पण मेडिक ते शिरेतून देतो, २ ग्रॅम, आणि तेही जखमेपासून ३ तासांच्या आत. ४० देशांतल्या २०,००० हून अधिक जखमींवरच्या २०१० च्या चाचणीत ते लवकर दिलं तर फायदा दिसला. ३ तास उलटल्यावर दिलेल्यांत रक्तस्रावानं होणारे मृत्यू उलट वाढले. गोळी पोटातून रक्तात पुरती चढायलाच दोन-तीन तास. कड्याखाली अडकलेल्याला ती देणं म्हणजे वरातीमागून घोडं.

राहिलं मॉर्फिन. ते दुकानात असं मिळत नाही, हे एक बरं. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या डॉक्टरांनी पाहिलं होतं की थंडीनं गारठलेल्या जखमीला कातडीखाली टोचलेलं मॉर्फिन तिथंच पडून राहतं. गुण नाही म्हणून दुसरी सुई, कधी तिसरी. मग ऊब मिळून रक्त फिरू लागलं की सगळं एकदम चढतं आणि श्वास मंदावतो. पावसात भिजून कुडकुडणारा ट्रेकर याहून वेगळा नाही. पुढच्यानं पुन्हा टोचू नये म्हणून तर युद्धात मॉर्फिन दिलेल्याच्या कपाळावर ‘एम’ लिहीत.

पुढे तीव्र वेदनेसाठी मेडिककडे फेंटानिल या जबर वेदनाशामकाची गालात धरायची कांडी आली. ती तो जखमीच्या बोटाला चिकटपट्टीनं बांधायचा. गुंगी वाढली की हात आपोआप खाली पडायचा आणि कांडी तोंडातून निघायची. आणि अशा जवानाची बंदूक काढून घेत.