जुन्या पेपरबॅक भयकादंबऱ्या: मुखपृष्ठांचे फोटो पुरे, आता वाचू या

सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या अमेरिकन आणि ब्रिटिश भयकादंबऱ्यांची मुखपृष्ठं हल्ली सगळीकडे फिरत असतात. हसणारा सांगाडा, लाल डोळ्यांची बाहुली, खिडकीत उभं राहिलेलं फिकट पोर. लोक हसतात, 'हे मला हवंच' असं लिहितात, काही जण ते पुस्तक मिळवतातही, आणि मग ते पारदर्शक पिशवीत घालून फळीवर उभं करतात. वाचायचं मात्र राहून जातं. मला हे मनापासून खटकतं. या कादंबऱ्या दोन-तीन बैठकांत वाचून संपवाव्यात म्हणूनच लिहिल्या होत्या आणि त्यातल्या बऱ्याच आजही झपाट्यानं वाचल्या जातात. 'इतकं वाईट की मजा येते' असा शिक्का मारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी मलपृष्ठापलीकडे काही वाचलेलं नसतं.

या लाटेची सुरुवात साधारण 1967 मधल्या 'रोझमेरीज बेबी'पासून धरतात. 1971 मध्ये 'द एक्झॉर्सिस्ट' आणि 'द अदर' एकाच वर्षी आल्या, दोन्ही तुफान खपल्या, आणि सैतान, झपाटलेली मुलं, शापित घरं यांच्यासाठी प्रकाशकांनी दारं सताड उघडली. ब्रिटनमध्ये 1974 मध्ये जेम्स हर्बर्टची 'द रॅट्स' आली आणि उंदरांमागोमाग खेकडे, गोगलगायी, किडे असं जे जे चावू शकतं ते सगळं कादंबरीत आलं. ही पुस्तकं औषधांच्या दुकानांत, स्टेशनांवर, तारेच्या फिरत्या स्टँडवर विकली जायची. तिथं पुस्तकाचा फक्त चेहरा दिसतो. म्हणून तर चेहऱ्यावर एवढा खर्च: उठावाची अक्षरं, चंदेरी फॉइल, आतलं चित्र डोकावावं म्हणून मुखपृष्ठाला कापलेली खिडकी, पुढे पुढे होलोग्रामसुद्धा.

अमेरिकेत न खपलेल्या प्रती परत कशा जायच्या हेही माहीत असावं. अख्खं पुस्तक परत पाठवणं परवडत नसे. दुकानदार मुखपृष्ठ फाडून तेवढंच प्रकाशकाला पाठवायचा, आणि उरलेलं पुस्तक रद्दीत जाणं अपेक्षित असायचं. त्यामुळे बिनमुखपृष्ठाची प्रत दिसली तर ती झिजून तशी झाली असेलच असं नाही. अनेक पुस्तकांत कॉपीराइटच्या पानावर तशी सूचनाही छापलेली असते, की मुखपृष्ठ नसलेली प्रत चोरीची समजावी. आज वाचनाच्या दृष्टीनं अशी प्रत अजिबात वाईट नाही. आतली पानं पुष्कळदा कोरी करकरीत असतात.

प्रत निवडताना मुखपृष्ठाआधी शेवट बघा. शेवटचं पान आणि मलपृष्ठ यांच्यामध्ये गोंद सर्वात आधी सुटतो, आणि रहस्याच्या उलगड्याचं नेमकं तेच पान गायब असतं. मग मधले पानांचे आकडे सलग आहेत का ते पाहा. सत्तरच्या दशकातल्या पुष्कळ अमेरिकन पेपरबॅकांत मध्येच सिगारेटच्या जाहिरातीचा जाड कागद बांधलेला असे. पुस्तक आपोआप तिथंच उघडतं आणि कणा तडकायलाही तिथूनच सुरुवात होते. कितवं मुद्रण आहे हे कॉपीराइटच्या पानावरच्या आकड्यांच्या ओळीवरून कळतं. 10 पासून 1 पर्यंत आकडे असतील तर पहिलं मुद्रण, सर्वात लहान आकडा 4 असेल तर चौथं. काही प्रकाशक महिना आणि वर्ष सरळ लिहायचे. वाचणाऱ्याला पहिल्या मुद्रणाचा हट्ट धरण्याचं कारण नाही, मजकूर बहुतेक वेळा तोच असतो. आणखी एक, अमेरिकन आणि ब्रिटिश आवृत्तींची नावं कधी कधी वेगळी असतात. तीच कादंबरी दोनदा घरात येऊ नये म्हणून पहिल्या प्रकरणाची दोन वाक्यं ताडून बघावीत.

आता उघडण्याबद्दल. इथं बहुतेकांचं पुस्तक मोडतं आणि त्यांना वाटतं पुस्तकच खराब होतं. या पुस्तकांना शिवण नसते. पानांचा गठ्ठा करायचा, कण्याची बाजू घासून खरखरीत करायची, तिच्यावर वितळलेला गरम गोंद ओढायचा, वर मुखपृष्ठ गुंडाळायचं आणि उरलेल्या तीन बाजू कापायच्या, एवढीच बांधणी. गोंद नवा असताना रबरासारखा लवतो. चाळीस-पन्नास वर्षांनी तो कडक होतो, आणि थंडीत तर काचेसारखा वागतो. गार जागेतून काढलेलं पुस्तक लगेच उघडू नका, काही तास खोलीच्या तापमानाला राहू द्या. मग कणा टेबलावर टेकवून पुस्तक उभं धरा. पुढची पंधरा-वीस पानं एका बाजूला अलगद टेकवा, मग मागची पंधरा-वीस दुसऱ्या बाजूला, असं आलटून पालटून मध्यापर्यंत या. कुठे बारीक करकर ऐकू आली तर तिथंच थांबा आणि पुढचं सगळं वाचन त्या जागी कमी उघडून करा. एकदा तडकलेली जागा पुन्हा जुळत नाही, गठ्ठ्याचे तिथून सरळ दोन तुकडे होतात.

वाचताना पुस्तक काटकोनापेक्षा जास्त उघडायचं नाही. दोन टॉवेलांच्या गुंडाळ्या करून त्यांच्यामधल्या खाचेत ते ठेवलं की हातही मोकळे राहतात. मुखपृष्ठ मागे दुमडून एका हातात पुस्तक धरायची सवय या पुस्तकांसाठी कायमची सोडा. पान उलटताना कोपरा चिमटीत धरू नका, तो हातात येतो. कडेच्या मध्यावर बोट खालून सरकवा आणि पान उचला. खिडकी कापलेलं दुहेरी मुखपृष्ठ असेल तर बाहेरचं आणि आतलं अशी दोन्ही पानं एकत्र धरून उघडा. व्ही. सी. अँड्र्यूजच्या 1979 मधल्या 'फ्लॉवर्स इन द अ‍ॅटिक'च्या पेपरबॅकला अशी खिडकी होती, आणि पुढे कित्येकांनी ती उचलली. खिडकीची कड बोटाला किंवा शेजारच्या पुस्तकाला अडकते आणि फाटत जाते. अशी पुस्तकं फळीवर दाबून बसवू नयेत.

सुटलेलं पान बसवायला आम्ल नसलेला पीव्हीए, म्हणजे पांढरा पातळ गोंद पुरतो. बारीक ब्रशनं पानाच्या आतल्या कडेला एक-दोन मिलिमीटर रुंदीची रेघ, त्याहून जास्त नाही. जास्त झाला की तो शेजारच्या पानावर पसरतो आणि मग एकाची दोन पानं खराब होतात. दोन्ही बाजूंना मेणकागद ठेवा, पुस्तक मिटा, वर वजन ठेवा, एक दिवस हात लावू नका. सेलोटेप कधीही नको. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात उतरतो, प्लॅस्टिक गळून पडतं आणि तपकिरी पट्टा कायमचा राहतो. प्रत खरोखर दुर्मिळ असेल तर पीव्हीएही नको, कारण तो नंतर काढता येत नाही. तिथं जपानी टिश्यू (अतिशय पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात.

पानं तपकिरी होतात ती कागदामुळेच. लाकडाचा सरसकट लगदा, त्यात लिग्निन (लाकडाचे तंतू धरून ठेवणारं द्रव्य) जसंच्या तसं, शिवाय तुरटीच्या जातीच्या रसायनाची प्रक्रिया. हवा आणि उजेड लागला की लिग्निनचा रंग बदलतो, आम्ल तयार होतं आणि कागद ठिसूळ होतो. कडेला हवा आधी पोचते म्हणून तपकिरी चौकट बाहेरून आत सरकते. ती पुसता येत नाही, फक्त तिचा वेग कमी करता येतो. थेट ऊन टाळा, आर्द्रता पस्तीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान ठेवा, पीव्हीसीच्या पिशव्या टाळा, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टर चालतं. कण्यावरची लाल अक्षरं उन्हानं आधी उडतात, पिवळा रंगही जातो, आणि काही वर्षांत अख्खी फळी निळसर दिसू लागते.

जुन्या कागदाचा व्हॅनिलासारखा गोडसर वास वेगळा आणि कुबट वास वेगळा. गोडसर वास लिग्निनच्या विघटनातून येतो, तो असू द्या. कुबट वास म्हणजे ओल. झाकणाच्या डब्यात तळाशी वाटीभर खाण्याचा सोडा किंवा सक्रिय कोळसा, वर जाळीवर किंचित उघडं करून पुस्तक, सोडा पुस्तकाला लागू द्यायचा नाही, आठवडा-दोन आठवडे. वास बराच उतरतो. लवदार ओली बुरशी दिसत असेल तर आधी ते पुस्तक बाकीच्यांपासून लांब न्या आणि वाळवा. कसर किंवा बारीक पांढुरके किडे दिसले तर पुस्तक पिशवीत हवाबंद करून उणे अठरा अंशांखाली दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. पुस्तक खोलीच्या तापमानाला आलं नाही तोवर उघडलं तर बाष्प थेट पानांवर धरतं.

किमतीचं चिकटलेलं लेबल नखानं ओरबाडू नका. हेअर ड्रायरची कमी उष्णता अर्धा मिनिट द्या, मग कोपऱ्यापासून सपाट सोलत जा. लेबल कण्याजवळ असेल तर मोह आवरा, तीच उष्णता कण्याचा गोंदही मऊ करते.

आता वाचनाबद्दल, आणि इथं माझं मत ठाम आहे. मलपृष्ठावरचा मजकूर आधी वाचू नका. तो लेखकाचा नसतो, प्रकाशकाच्या कचेरीत विक्रीसाठी लिहिलेला असतो, आणि पुष्कळदा कथेचा दोन-तृतीयांश भाग सांगून मोकळा होतो. चित्रही अनेकदा कथेशी फटकून असतं. मुखपृष्ठावर सांगाडा आहे म्हणून आत सांगाडा शोधू नका. चित्रकाराचं नाव मात्र शोधा. श्रेय छापलेलं नसलं तरी खालच्या कोपऱ्यात, गवतात किंवा पायरीवर बारीक सही सापडते.

हिंस्र उंदीर-खेकड्यांच्या ब्रिटिश भयकादंबऱ्यांमध्ये बळीचं एक वेगळं प्रकरण असतं, आणि माझ्या मते या प्रकाराची खरी कारागिरी तिथं आहे. एक माणूस येतो, ज्याचा मुख्य कथेशी काही संबंध नाही. चार-पाच पानांत त्याची नोकरी, फसलेलं लग्न, दारूची सवय, उद्या करायचं ठरवलेलं एखादं काम, सगळं कळतं. वाचक त्याच्यात गुंततो आणि पान संपता संपता तो मरतो. उतावळा वाचक ही प्रकरणं चाळून 'मुख्य कथेकडे' पळतो. पळू नका. 'द रॅट्स'मध्ये अशा माणसांमधूनच लंडनचे दुर्लक्षित, पडझड झालेले भाग उभे राहतात. सरकारनं ज्या वस्त्यांकडे पाठ फिरवली तिथं उंदीर वाढले, हा राग कथानकातल्या नायकापेक्षा या प्रकरणांत जास्त जळतो. ही प्रकरणं सलग वाचा, हळू वाचा.

लांबीचा अंदाज घेऊन बैठक ठरवा. एका ओळीतले शब्द गुणिले पानावरच्या ओळी गुणिले पानं. दहा शब्द, अडतीस ओळी, अडीचशे पानं म्हणजे जेमतेम पंचाण्णव हजार शब्द. ऐंशीच्या उत्तरार्धातल्या जाडजूड कादंबऱ्या या हिशेबात कधी कधी फसव्या निघतात, अक्षर मोठं आणि समास रुंद. मधला भाग सैल पडला तर तो पुष्कळदा या जाडीसाठीच ताणलेला असतो. तिथं वेग वाढवायला हरकत नाही.

एक गोष्ट झाकू नये. या पुस्तकांत बायकांवरचा अत्याचार चटकदार करून मांडलेला सापडतो, मूळ रहिवासी आणि परक्या धर्मांचे लोक शापाचं सोयीस्कर कारण म्हणून वापरलेले सापडतात. 'त्या काळी तसंच होतं' म्हणून ते गिळायची गरज नाही. त्याच काळात, त्याच स्टँडवर, हे न करताही घाबरवणारे लेखक होते. मायकल मॅकडॉवेल घ्या. त्याची 'ब्लॅकवॉटर' 1983 मध्ये जानेवारी ते जून दर महिन्याला एक अशी सहा पातळ पेपरबॅक पुस्तकांत आली. अलाबामातल्या एका श्रीमंत कुटुंबाची, त्यातल्या बायकांच्या सत्तेची ही कथा, आणि नदीतून आलेलं काहीतरी त्यात सुनेच्या रूपानं नांदतं. केन ग्रीनहॉलची 1977 मधली 'हेल हाउंड' एका बुल टेरियर कुत्र्याच्या थंड डोक्यातून बोलते, आणि त्यात एकही शब्द जास्तीचा नाही. नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी या दोन सांगेन, आणि 'ब्लॅकवॉटर' वाचायची तर भागाभागात थोडा खंड ठेवून.

दोन्ही आज पुनर्मुद्रित मिळतात. ग्रेडी हेंड्रिक्सचं या पेपरबॅकांवरचं पुस्तक 2017 मध्ये आलं आणि त्यानंतर व्हॅलनकोर्ट बुक्स या प्रकाशनानं अशा अनेक कादंबऱ्या पुन्हा बाजारात आणल्या. मूळ प्रत की नवी, हे कागदाला विचारा. आतल्या एखाद्या पानाचा कोपरा एकदाच, अलगद, किंचित वाकवा. तो परत सरळ झाला तर मूळ प्रतच वाचा, टॉवेलांच्या खाचेत ठेवून. तिथंच चीर पडली तर वाचायला नवी प्रत घ्या आणि जुनीचं मुखपृष्ठ तेवढं बघायला ठेवा.