बोल्डरची बंदूकबंदी: ‘एक जुना वाचक’ यांना उत्तर

नमस्कार.

बोल्डर हे अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातलं शहर. शहरांना बंदुकांचे स्वतःचे नियम करू द्यावेत, असं मी त्यावरच्या लेखात म्हटलं होतं. त्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला. मग त्यातलं काही पटलं, म्हणून उत्तराला आठवडा लागला.

बाकीच्यांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. ‘कोर्टाने बंदी उठवली आणि दहाव्या दिवशी दहा माणसं मेली’ असं लिहून मी वाचकांची दिशाभूल केली. गावोगाव वेगळे शस्त्रकायदे झाले तर गाडीतून जाणारा साधा माणूस नकळत गुन्हेगार ठरेल. आपल्याकडे शस्त्र कायदा देशभर एकच असताना मला हा घोळ कशाला हवा? आणि शेवटचा टोला: उद्या एखाद्या गावाने घरोघरी बंदूक सक्तीची केली तर मी त्या गावाच्या बाजूने उभा राहणार का?

आधी माझी चूक. बोल्डरच्या नगर परिषदेने २०१८ मध्ये असॉल्ट वेपन्सवर (लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित बंदुकांवर) बंदी घातली. राज्याच्या कायद्यापुढे ती टिकत नाही असा निकाल जिल्हा न्यायाधीशांनी १२ मार्च २०२१ ला दिला. २२ मार्चला टेबल मेसा भागातल्या किंग सूपर्स या किराणा दुकानात गोळीबार झाला आणि दहा जण गेले. हे सगळं खरं आहे. पण मारेकऱ्याने बंदूक १६ मार्चला आर्वाडा या दुसऱ्या शहरात घेतली होती, तो राहायचाही तिथेच. आर्वाडात बोल्डरचा नियम कधीच लागू नव्हता. निकाल उलटा लागला असता तरी तो सौदा तसाच झाला असता. मी दोन तारखा शेजारी शेजारी मांडल्या आणि उरलेलं वाचकाच्या मनावर सोडलं. ही वकिली झाली. त्या दुकानातून मी अनेकदा कोथिंबीर-मिरच्या आणल्या आहेत, त्यामुळे लिहिताना तोल गेला. लेखात दुरुस्ती केली आहे. ‘ऑर्डिनन्स’ला वटहुकूम म्हटल्याबद्दलही कान पकडतो. आपल्याकडे वटहुकूम राष्ट्रपती किंवा राज्यपाल काढतात. हा मात्र नगरसेवकांनी मतदान करून केलेला, शहरापुरता कायदा आहे.

आता गाडीतला माणूस. डेन्व्हरहून ३६ नंबरच्या रस्त्याने बोल्डरला निघालं की वेस्टमिन्स्टर, ब्रूमफील्ड, सुपीरियर, लुईसव्हिल अशी गावं लागतात. एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे लागलं हे पाटी वाचली तरच कळतं. डिकीत शिकारीची रायफल असलेल्या माणसाने दर पाटीला कायद्याचं पुस्तक उघडायचं का, हा तुमचा प्रश्न रास्तच आहे. पण कोलोरॅडोत त्याचं उत्तर आधीच दिलेलं आहे. खाजगी गाडीतून शिकारीसाठी किंवा स्वसंरक्षणासाठी शस्त्र नेणाऱ्याला गावांनी अडवू नये, असं राज्याच्या कायद्यात वेगळं कलम आहे. आणि राज्याने २०२१ मध्ये शहरांना जास्त कडक नियम करायची मुभा दिली तेव्हा अट घातली की, कृत्याला मनाई आहे हे ज्याला माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं, त्यालाच गुन्ह्याची शिक्षा करता येईल.

खरी गंमत त्याआधीची आहे. ‘शस्त्रांचे नियम राज्यच करणार’ असा कायदा कोलोरॅडोने २००३ मध्ये केला. डेन्व्हर कोर्टात गेलं. शहराचा आधार होता कोलोरॅडोच्या स्वतःच्या घटनेने दिलेला ‘होमरूल’. (आपल्याला टिळक आठवतात. इथे त्याचा अर्थ शहराच्या कारभारात शहराचा शब्द शेवटचा.) खालच्या कोर्टाने डेन्व्हरच्या असॉल्ट वेपन्सवरच्या बंदीला हात लावला नाही. २००६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात सातांपैकी एक न्यायमूर्ती सुनावणीपासून बाजूला राहिल्या आणि उरलेले सहा जण तीन विरुद्ध तीन असे अडकले. अशा वेळी खालचा निकाल कायम राहतो, पण तो दुसऱ्या कुणाला आधार म्हणून दाखवता येत नाही. म्हणून एकाच राज्यात, एकाच कायद्याखाली, डेन्व्हरची बंदी चालू राहिली आणि अर्ध्या तासावरच्या बोल्डरची अडली. तुम्ही ज्या ठिगळांच्या गोधडीची भीती घालता, ती इथे राज्याच्या ‘एकसारख्या’ कायद्यानेच शिवली.

तरीही एका शहराची बंदी गळक्या बादलीसारखी असते, हे मान्य. इलिनॉयमधल्या हायलंड पार्कने २०१३ मध्येच बंदी घातली होती. ४ जुलै २०२२ च्या परेडवर गोळीबार झाला, सात जण गेले. बंदूक त्याच राज्यात कायदेशीर घेतलेली होती. पुढे जानेवारी २०२३ मध्ये इलिनॉयने राज्यभर बंदी आणली. राज्याने असा स्वतः विषय हातात घेतला तर शहराने बाजूला व्हावं, याला माझी ना नाही. शहराचा कारभार शेवटी राज्याच्या चौकटीतच चालतो, पुण्यात काय आणि डेन्व्हरात काय. माझं भांडण राज्याने ‘हा विषय माझा’ म्हणून पाटी लावायची आणि दुकान बंद ठेवायचं, म्हणजे स्वतः नियम करायचा नाही आणि शहरालाही करू द्यायचा नाही, याच्याशी आहे.

फ्लोरिडा त्याच्याही पुढे गेलं. तिथे १९८७ पासून शहरांना बंदुकांचे नियम करायला मनाई आहेच. २०११ मध्ये त्याला शिक्षा जोडली: असा नियम जाणूनबुजून करणाऱ्या नगरसेवकाला खिशातून ५,००० डॉलरपर्यंत दंड, शिवाय गव्हर्नरने पदावरून काढण्याची सोय. फ्लोरिडाची राजधानी टॅलाहासीत उद्यानात बंदूक झाडू नये असे दोन जुने नियम होते, १९५७ आणि १९८८ चे. पोलीस ते वापरतही नव्हते. ते पुस्तकातून काढले नाहीत म्हणून २०१४ मध्ये महापौर आणि नगरसेवकांवर खटला झाला. अपील न्यायालयातही ते सुटले, पण ती वर्षं कोर्टात गेलीच. २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षेची तरतूद उचलून धरली. तुमच्या प्रतिक्रियेत याबद्दल अवाक्षर नाही, आणि माझ्या लेखाचा अर्धा भाग त्यावरच होता.

आपल्याकडचं म्हणाल तर १९५९ चा शस्त्र कायदा केंद्राचा आहे, महापालिकेला त्यात जागा नाही. पण सणावाराच्या आधी पेपरात येणारा पोलीस आयुक्तांचा आदेश आठवा: तलवारी, भाले, लाठ्या, दगड बाळगायला मनाई. तो महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचा, ठरावीक हद्दीपुरता असतो. हद्द ओलांडली की लाठी पुन्हा लाठी. फरक इतकाच की तो आदेश निवडून आलेले लोक काढत नाहीत.

राहिला शेवटचा टोला. असं गाव आहे. १९८१ मध्ये शिकागोजवळच्या मॉर्टन ग्रोव्हने पिस्तुलांवर बंदी घातली. त्याला जबाब म्हणून १९८२ मध्ये जॉर्जियातल्या केनेसॉने प्रत्येक कुटुंबप्रमुखाला बंदूक सक्तीची केली. ज्यांच्या मनाला पटत नाही त्यांना सूट आहे आणि अंमलबजावणी कुणी करत नाही. मला तो नियम चक्रमपणाचा वाटतो. जॉर्जियाने उद्या तो रद्द केला तर मी तक्रार करणार नाही. पण त्यासाठी केनेसॉच्या नगरसेवकांना ५,००० डॉलर दंड लावला, तर मी त्यांच्या बाजूने लिहीन.