अपडेट झालं की पंखा बोंबलतो, अन् काऊन ते कोणी सांगत नाही

संगणकावर विंडोजचं अपडेट संपलं, मशीन सुरू झालं, पडद्यावर एक फाइलसुद्धा उघडलेली नाही, आणि पंखा मात्र सुसाट. काऊन? विंडोज सांगत नाही. अपडेटचा इतिहास उघडा, तर तिथे एक केबी क्रमांक (अपडेटचा ओळख क्रमांक), एक तारीख आणि 'यशस्वीरीत्या इन्स्टॉल झाले' एवढंच. आत आता काय चाललं आहे, किती वेळ चालेल, मशीन बंद केलं तर चालेल का, यातलं अक्षर नाही. राग येतो तो याचा. अपडेट नको असं कोणी शहाणा माणूस म्हणत नाही. पण माझ्या टेबलावरचं मशीन तासभर राबवायचं आणि मलाच काही सांगायचं नाही, ही कुठली पद्धत?

न सांगण्याची किंमत कोण मोजतं? तोच माणूस, जो घाबरून मशीन उचलून नागपुरात बर्डीवरच्या दुरुस्तीच्या दुकानात नेतो. तिथे ठरलेलं वाक्य असते: "भाऊ, फॅन गेला, बदलावा लागन. अन् विंडोज करप्ट झालं, फॉरमॅट मारून देतो." बहुतेक वेळा यातलं एकही खरं नसते. पंखा शाबूत असतो आणि विंडोज फक्त आपलं उरलेलं काम करत असते. दोन दिवसांनी ते आपोआप शांत झालं असतं. पण तोवर डेस्कटॉपवरचे फोटो गेले, टॅलीचा, म्हणजे हिशोबाचा, डेटा कुठल्या ड्राइव्हमध्ये होता हे कोणी विचारलं नाही, आणि पैसे तर गेलेच.

पंखा कशाने पळतो ते नीट पाहा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. प्रोसेसेसमध्ये सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करा, म्हणजे जास्त खाणारे वर येतात. अपडेटनंतर ठरलेली नावं दिसतात. 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर' जुन्या फाइलींची आवराआवर करते. 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' म्हणजे डिफेंडर, विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, बदललेल्या फाइली पुन्हा तपासते. 'डॉटनेट रनटाइम ऑप्टिमायझेशन सर्व्हिस' नव्या फाइली तुमच्या प्रोसेसरसाठी पुन्हा कंपाइल करते. आणि सर्च इंडेक्सर सगळी यादी नव्याने बांधत बसतो. ही चारही कामं रास्त आहेत, संपणारी आहेत. एसएसडी आणि ८ जीबी रॅम असेल तर साधारण एक-दोन तास. जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर अख्खा दिवस डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली दिसेल. यांना एंड टास्क मारू नका. मारलं तरी काम राहतेच, पुढच्या वेळी पुन्हा सुरू होते. विशेषतः मॉड्यूल्स इन्स्टॉलरला मध्येच मारलं तर पुढचं अपडेट अडकायची सोय तुम्हीच करून ठेवली.

आता नागपूरची गोष्ट, जी सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या डोक्यात कधी आलीच नाही. विंडोजचं ऑटोमॅटिक मेंटेनन्स मुळात रात्री २ वाजता लावलेलं असते. म्हणजे गृहीत काय, की मशीन रात्रभर प्लगला लागलेलं असेल. इथे रात्री कोण संगणक चालू ठेवतो? दुकान असो, ऑफिस असो, जाताना मेन स्विचच पाडतात. मग चुकलेलं काम केव्हा होते? मशीन पुढे जेव्हा रिकामं बसेल तेव्हा. म्हणजे दुपारी, तुम्ही डबा खायला उठलात की. मे महिन्यात, नवतपात, बाहेर ४५ अंश आणि स्लॅबखालच्या खोलीत ४०, नेमकं तेव्हा!

हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढणारा धातूचा पात्यांचा ठोकळा, खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. प्रोसेसर पूर्ण भाराला हवेपेक्षा ५५ अंश वर जात असेल, तर २५ अंशांच्या एसी खोलीत तो ८० वर थांबतो. तोच प्रोसेसर ४० अंशांच्या खोलीत ९५ वर. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास. तिथे पोचला की तो स्वतःचा वेग पाडतो. वेग पडला की तेच काम जास्त वेळ चालते, आणि पंखा तेवढाच जास्त वेळ ओरडतो. एसीत बसलेल्याला जे अपडेट कळतही नाही, त्याच अपडेटने धंतोलीतल्या वरच्या मजल्यावरचा लॅपटॉप तापून हात ठेववत नाही.

म्हणून उन्हाळ्यात हे काम सकाळी उरकून घ्या. कंट्रोल पॅनलमध्ये सिक्युरिटी अँड मेंटेनन्स उघडा, तिथे 'स्टार्ट मेंटेनन्स' आहे. सकाळी ६-७ वाजता ते दाबा, मशीन चार्जरला लावून सोडून द्या. रोजची वेळही तिथेच २ ची बदलून सकाळची करता येते. दुसरा उपाय पॉवर ऑप्शन्समध्ये. चालू प्लॅनच्या अॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट, त्यात मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० वरून ९९ करा. एका टक्क्याने काय होते? टर्बो बूस्ट, म्हणजे प्रोसेसरची जादा धाव, बंद होतो. तापमान लक्षात येण्याइतकं उतरते आणि टाइपिंग, टॅली, ब्राउझर यांत फरक जाणवत नाही. काही नव्या लॅपटॉपांत हा पर्याय दडवून ठेवला आहे. तिथे पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स'वर जाऊन बसला असेल तर खाली आणा. पावसाळ्यात परत १०० करून टाका.

कुलरपुढे मशीन ठेवणाऱ्यांनो, थांबा. कुलरची ओली हवा अंगाला बरी, मशीनला नाही. पाण्यातले क्षार आणि ताटीचे तंतू धुळीत मिसळतात आणि हीटसिंकच्या पातींवर नमद्यासारखा थर बसतो. मग पंखा कितीही फिरो, हवा आरपार जात नाही. ब्लोअर मारायचा तर मशीन बंद करून, प्लग काढून, आणि पंख्याचं पातं काडीने अडवून. मोकळा सोडलात तर पंखा ब्लोअरने त्याच्या क्षमतेपेक्षा जोरात फिरतो आणि बेअरिंग जाते. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली थर्मल पेस्ट सुकली असेल तर जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढायची आणि प्रोसेसरच्या मधोमध ४-५ मिलिमीटरचा एकच ठिपका द्यायचा. बरेच जण थापतात. जाड थर उष्णता नेत नाही, अडवतो.

आवाजावरूनही ओळखा. 'सूंऽऽ' असा नुसता वाऱ्याचा आवाज असेल तर पंखा ठीक आहे, तो उष्णतेमुळे किंवा चुकीच्या सेटिंगमुळे पळतो आहे. 'खर्रर्र' किंवा 'टकटक' येत असेल, सुरू होताना जास्त आणि मग कमी, तरच बेअरिंगची शंका घ्या. हा फरक दुकानातल्या माणसाला माहीत असतो. तो तुम्हाला सांगत नाही, एवढंच.

दोन दिवस झाले, टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू २-४ टक्क्यांवर, तरी पंखा सुसाट, किंवा व्हिडिओ लावला की सुटतो. आता खरा घोळ. ड्रायव्हर म्हणून, म्हणजे मशीनचा एखादा भाग चालवणारं सॉफ्टवेअर म्हणून, आलेल्या अपडेटने एक तर पंख्याच्या नियंत्रणात हात घातला, नाहीतर ग्राफिक्सचा चालता ड्रायव्हर काढून दुसराच बसवला. ग्राफिक्सचं ओळखणं सोपं: डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अॅडाप्टर्सखाली 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडाप्टर' दिसलं, की व्हिडिओचं सगळं ओझं प्रोसेसरवर पडलं समजा. मशीन रिकामं असताना शांत आणि यूट्यूब लावलं की पंखा सुटतो, ते बहुधा यामुळे. त्या अॅडाप्टरवर डबल क्लिक, ड्रायव्हर टॅब, 'रोल बॅक ड्रायव्हर'. बटण फिकं असेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून आपल्याच मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. आणि पुन्हा हे होऊ नये म्हणून? प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसीमध्ये 'विंडोज अपडेटसोबत ड्रायव्हर नको' असा सरळ पर्याय आहे. होम घेणाऱ्याला रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या कोठारात, हात घालावा लागतो. पैसे मोजून घेतलेल्या विंडोजमध्ये एवढी साधी गोष्ट एका बटणावर का नाही, याचं मला आजवर पटेल असं उत्तर दिसलेलं नाही.

अपडेटच्या यादीत 'फर्मवेअर' शब्द दिसला तर ते बहुधा बायोसचं, म्हणजे विंडोजच्या आधी मशीन सुरू करणाऱ्या बोर्डवरच्या प्रोग्रामचं, अपडेट, आणि टेबलावरच्या डेस्कटॉप संगणकात हाच सगळ्यात वाईट प्रकार. बायोस बदलला की त्यातली सेटिंग्ज अनेकदा मूळपदावर जातात. कॅबिनेटचा पंखा ३ पिनांचा असेल आणि त्याचं हेडर (बोर्डवरची पंख्याची जोडणी) 'डीसी'वर, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करून वेग बदलण्यावर, लावलेलं होतं, ते परत 'पीडब्ल्यूएम'वर, म्हणजे चौथ्या तारेच्या इशाऱ्यावर, जाते. ३ पिनांच्या पंख्याला पीडब्ल्यूएमची चौथी तारच नाही. त्याला सलग १२ व्होल्ट मिळतात आणि तो कायम पूर्ण वेगाने फिरतो. प्रोसेसर थंडगार, पंखा बेफाम, आणि दुकानदार म्हणतो पंखा खराब! सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा, फॅन कंट्रोलमध्ये त्या हेडरचा मोड 'डीसी' करा, प्रोफाइल 'सायलेंट' किंवा 'स्टँडर्ड' ठेवा. नवीन पंख्याच्या पैशात जे होणार नव्हतं ते दोन मिनिटांत होते. तिथेच साटा मोडही, म्हणजे डिस्क जोडायची पद्धत, पाहून घ्या. तो 'एएचसीआय'वरून 'रेड' (RAID) वर गेला असेल तर विंडोज निळ्या पडद्यावर आपटेल आणि पुन्हा तेच वाक्य ऐकू येईल: फॉरमॅट.

बायोस अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्डच बसू शकतो. आपल्याकडे उन्हाळी संध्याकाळी वादळ आलं की लाइट जाणार, हे लहान पोरालाही माहीत आहे. यूपीएस आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची लेड बॅटरी असते, आणि दर १० अंश जास्त तापमानाला तिचं आयुष्य साधारण निम्मं होते. नागपुरात ती दोन-तीन उन्हाळ्यांत संपते, दिवा हिरवाच राहतो. सगळं सेव्ह करून भिंतीचा स्विच बंद करा आणि दोन मिनिटं मोजा. तेवढंही टिकत नसेल तर फर्मवेअरला हात लावू नका.

बायोस बदलला की कधी बिटलॉकरचा, म्हणजे डिस्कला लागलेल्या विंडोजच्या कुलपाचा, निळा पडदा येतो, तो तर भल्याभल्यांना घाम फोडतो. ४८ अंकी किल्ली मागतो, आणि अशी काही किल्ली आहे हेच बहुतेकांना माहीत नसते. हे फक्त बायोसमुळे होते असंही नाही. जुलै २०२४ च्या सुरक्षा अपडेटनंतर कित्येक मशीनं थेट याच पडद्यावर गेली. मे २०२५ मध्ये विंडोज १० च्या केबी ५०५८३७९ ने पुन्हा तेच केलं आणि मायक्रोसॉफ्टला मधूनच तातडीचं दुरुस्ती अपडेट काढावं लागलं. किल्ली बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. पण मशीन सेट करताना दुकानातल्या पोराने स्वतःचा ईमेल टाकला असेल, तर किल्ली त्याच्या खात्यात! आजच तपासा, कागदावर लिहा, मशीनच्या बाहेर ठेवा. किल्ली नसेल तर डेटा गेला, मग कोणीही काहीही करू शकत नाही.

आणि हे सगळं येते केव्हा? महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्री उशिरा. म्हणजे बुधवारी सकाळी मशीनवर धडकते. दुसरा मंगळवार कायम ८ ते १४ तारखेच्या मध्येच पडतो, आणि जीएसटीआर-१ ची, म्हणजे महिन्याच्या विक्रीच्या जीएसटी विवरणाची, मुदत ११ तारीख. इतवारीतल्या अकाउंटंटला विचारा, त्या दिवसांत रीस्टार्ट म्हणजे काय. ७ तारखेला सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडून 'पॉज' दाबा. विंडोज ११ मध्ये एका वेळी ५ आठवड्यांपर्यंत थांबवता येते. २०-२१ तारखेपर्यंत पुरे, जीएसटीआर-३बी (कर भरण्याचं विवरण)ही उरकते आणि अपडेटमध्ये काही बिघाड असेल तर तोवर जगाला कळलेलं असते. कळतेच. ऑगस्ट २०१९ च्या अखेरीस आलेल्या केबी ४५१२९४१ ने विंडोज १० मध्ये सर्चची प्रोसेस अशी पिसाळली की काही न करता सीपीयू जळत होता, दुरुस्ती १० सप्टेंबरला आली. मार्च २०२१ मध्ये काही प्रिंटरवर प्रिंट दिली की निळा पडदा यायचा. ज्यांनी दहा-बारा दिवस दम धरला ते वाचले. कायमचं बंद मात्र ठेवू नका, सुरक्षेची भोकं खरी असतात.

बिघाड आलाच तर दोष कोणाचा ते शोधा. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करा, 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' उघडेल. कोणत्या दिवशी काय इन्स्टॉल झालं आणि त्यानंतर काय कोसळलं, ते तारखेनिशी दिसते. इतकी कामाची गोष्ट इतकी लपवून ठेवली आहे! मग अपडेट हिस्टरीतून 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. मोठं आवृत्ती-अपडेट असेल तर परत फिरायला मुदत १० दिवस, त्यानंतर जुनं विंडोज आपोआप पुसलं जाते.

तरीही मशीन दुकानात न्यावंच लागलं, तर काउंटरवर ठेवण्याआधी विचारा: टास्क मॅनेजरमध्ये वर काय आहे? सीपीयूचं तापमान किती? बायोसमध्ये पंख्याचा मोड कोणता? ही तीन उत्तरं न देता जो फॉरमॅटवर येतो, त्याच्या हातून मशीन परत घ्या.