आधी विचारा, इन्सुलिन किती दिवसांचं उरलंय?

बरेच दिवस हे लिहायचं लिहायचं म्हणत होते, आज लिहूनच टाकते. लांब होणारे, पण ज्यांच्या घरात कुणी इन्सुलिनवर आहे त्यांनी प्लीज शेवटपर्यंत वाचा, आणि जे डॉक्टर, सिस्टर फोनवरून किंवा व्हिडिओवरून डायबेटिसचे पेशंट बघतात त्यांनी तर वाचाच.

माझ्या धाकट्या भावाला टाइप वन डायबेटिस आहे, म्हणजे त्याचं शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही, अकरा वर्षांचा असल्यापासून तो इन्सुलिनवर. मध्यंतरी त्याचं नेहमीचं दिवसभर चालणारं इन्सुलिन मिळेनासं झालं. माल नाही, पुढच्या आठवड्यात बघा, एवढंच उत्तर. घरात कुणाला न सांगता त्याने डोस कमी करायला सुरुवात केली, बावीस युनिटचे सोळा, मग सोळाचे बारा, तेवढंच इन्सुलिनचं पेन (इन्सुलिन भरलेलं, पेनासारखं इंजेक्शन) अजून थोडे दिवस पुरेल म्हणून. नेमकी त्याच काळात त्याची व्हिडिओ अपॉइंटमेंट होती आणि मी शेजारीच बसले होते. डॉक्टरांनी अ‍ॅपमधले आकडे बघितले, सकाळची शुगर २८०, ३१०, २९५, आणि म्हणाले डोस वाढवूया, बावीसचे अठ्ठावीस करा. हा म्हणाला हो. सात मिनिटांत कॉल संपला. म्हणजे जो डोस तो घेतच नव्हता तो वाढवला गेला! उद्या माल आला असता आणि याने खरंच अठ्ठावीस घेतले असते तर रात्री झोपेत शुगर किती खाली गेली असती, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

डॉक्टरांवर माझा राग नाही. त्यांच्यासमोर आकडे होते आणि आकडे तेच सांगत होते. पण स्क्रीनवर शुगर दिसते, फ्रिजमधलं रिकामं खोकं दिसत नाही, ते विचारावंच लागतं.

दोन दिवसांनी डायबेटिसच्या पेशंटना समजावून सांगणाऱ्या एका सिस्टरचा फोन आला. त्यांनी शुगर विचारलीच नाही. पहिलाच प्रश्न, "इन्सुलिन किती दिवसांचं उरलंय?" हा गप्प. "बरं, फ्रिज उघड आणि कॅमेरा तिकडे कर." मग सगळं बाहेर आलं, आम्हालाही तेव्हाच कळलं. मला वाटलं आता रागावतील, तर त्या म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस. आता मोजू आपण." आणि खरंच मोजायला बसल्या. तीन एमएलच्या पेनमध्ये ३०० युनिट, रोजचे बावीस आणि सुई तपासायला सोडावे लागतात ते दोन, म्हणजे चोवीस, म्हणजे एक पेन साडेबारा दिवस. इतकी वर्षं घरात इन्सुलिन आहे पण हा हिशोब आमच्यापैकी कुणीच कधी केला नव्हता.

मग त्यांनी त्याला एक गोष्ट तीनदा सांगितली. टाइप वनमध्ये इन्सुलिन पूर्ण बंद कधीच करायचं नाही, जेवण गेलं नाही तरी नाही, आजारी असलास तरी नाही. शरीर इन्सुलिनशिवाय साखर वापरू शकत नाही, मग चरबी जाळायला लागतं, त्यातून तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ, किटोन, रक्तात साठतात आणि रक्त आम्लधर्मी होत जातं. याला आठवडे लागत नाहीत, काही तासांत, एखाद्या दिवसात माणूस आयसीयूत जातो. उलट्या थांबत नाहीत, पोटात दुखतंय, श्वास खोल आणि जोरात चाललाय, माणूस गुंगीत आहे, असं काही दिसलं तर फोनवर बोलत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं. फोनवरची मदत कुठे संपते हे स्पष्ट सांगणारी व्यक्ती मला तरी तेव्हा पहिल्यांदा भेटली.

पर्याय म्हणून डॉक्टरांशी बोलून त्यांनी एनपीएच नावाचं इन्सुलिन लिहून घेतलं, ते जुनं दुधाळ दिसणारं, बाटलीतलं. एका इंजेक्शनऐवजी दोन, सकाळी १२ आणि रात्री ८ (हे आकडे त्याचे आहेत, कुणी कॉपी करू नका). बाटली हातावर हळू घोळवून मग घ्यायचं, जोरात हलवायचं नाही. आणि याचा जोर काही तासांनी चढतो म्हणून पहिले चार-पाच दिवस पहाटे तीनला पण शुगर बघायची, उशाशी ग्लुकोज ठेवायचं.

आणि आता खरी गोष्ट. पहिल्या दिवशी सकाळी सिस्टरांनी सांगून ठेवलं होतं की टोचायच्या आधी भरलेली सिरिंज आणि बाटलीचं लेबल एकाच फोटोत पाठव. मला आधी हे जरा अतीच वाटलं. फोटो गेला आणि मिनिटभरात फोन, "थांब, टोचू नकोस." बाटली १०० युनिटवाली होती, म्हणजे एका एमएलमध्ये १०० युनिट, आणि सिरिंज घरात पडलेली जुनी, लाल टोपीची, ४० वाली, म्हणजे एका एमएलमध्ये ४० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठीची. त्या सिरिंजवर १२ च्या रेषेपर्यंत भरलं की प्रत्यक्षात जातात ३० युनिट. अडीचपट! सिरिंज त्याच्या हातात होती, पोटाची चिमटी धरून बसला होता तो. एका फोटोने वाचवलं.

म्हणून मला मनापासून वाटतं की दूरवरून पेशंट बघणं म्हणजे नुसती व्हिडिओवर अपॉइंटमेंट देणं नव्हे. फोन इन्सुलिन पोचवू शकत नाही हे मान्य, पण ते संपायच्या दहा दिवस आधी फोनवर कळू शकतं आणि दहा दिवसांत खूप काही करता येतं, दुसरं इन्सुलिन लिहून देता येतं, कुठे शिल्लक आहे ते शोधता येतं, ब्रँड बदलला तर रोज एक मेसेज करून आकडे विचारता येतात. याला भारी अ‍ॅप लागत नाही, साधा फोन पुरतो. फक्त ते काम कुणाचं तरी ठरलेलं असायला हवं. आज ते कुणाचंच नसतं, डॉक्टरांना वाटतं दुकानदार बघेल, दुकानदाराला वाटतं पेशंट बघेल आणि पेशंट गुपचूप डोस अर्धा करतो.

गुपचूप का, तर लाज वाटते. "डोस चुकवता का?" असं विचारलं की कोणीही नाहीच म्हणणार. "मिळत नसलं की बरेच जण पुरवून पुरवून घेतात, तुमचं कसं चाललंय?" असं विचारा, लोक बोलतात.

अजून एक. वीज गेली, फ्रिज बंद पडला म्हणून चांगलं इन्सुलिन घाबरून फेकून देणारे पण खूप आहेत. २०२१ मध्ये मेडसां सां फ्राँतिए (डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय मदत संस्था) आणि जिनिव्हा विद्यापीठाने एक अभ्यास प्रसिद्ध केला, केनियातल्या दादाब निर्वासित छावणीसारख्या तापमानात, २५ ते ३७ अंशांत वरखाली होत, इन्सुलिन चार आठवडे ठेवलं तरी ते फ्रिजमधल्याइतकंच टिकलं. याचा अर्थ उन्हात ठेवा असा नाही, आणि गोठलेलं तर वापरायचंच नाही, पण फेकायच्या आधी एक फोन करा ना.

आता आमच्या फ्रिजच्या दारावर एक कागद असतो, त्यावर फक्त तारीख, साठा कधी संपणार ती. परवा सिस्टरांचा फोन आला तेव्हा त्यांनी विचारायच्या आधीच हा म्हणाला, "एकोणीस दिवस आहेत सिस्टर, प्रिस्क्रिप्शन आजच पाठवाल का?"